यांचे कान वाजतात

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. घरात कुणी कण्हायला लागलं की मला आधी राग येतो, काळजी नंतर वाटते. बावीस वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या माणसाला हे चांगलं ठाऊक. म्हणून यांनी कण्हण्याच्या भानगडीत न पडता एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "अगं, माझे कान वाजतात."

मी फस्सकन हसले. "वाजणारच! दिवसभर त्या गॅरेजात स्वतःशीच बडबडत बसता. कुणी हाक मारली का? मी नाही हं मारली."

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार? कान वाजतात म्हणजे नसलेलं ऐकू येणं, भास होणं. आपण सगळे ते चेष्टेतच म्हणतो. बेल वाजली असं वाटून कुणी उठलं की म्हणतो, बस खाली, कान वाजले तुझे. यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. यांचे कान खरोखरच वाजत होते. डाव्या कानात जास्त, उजव्यात जरा कमी, एक बारीक, सलग, न थांबणारी शिट्टी. ज्याला सांगायला जात तो हसून पाठीवर थाप मारायचा. गॅरेजात सांगितलं, तिथं हसले. माझ्या भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "दाजी, काही चांगली बातमी ऐकू आली तर मला आधी कळवा." एक अख्खं वर्ष असं हसण्यावारी गेलं. त्या वर्षाचं मी काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

यांचा धंदा गाड्यांचे पोचे काढण्याचा. पत्र्याच्या आतल्या बाजूला लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडीनं ठोकत ठोकत पत्रा जागेवर आणायचा. डोक्यावर पत्र्याची शेड, शेजारी कॉम्प्रेसर, अठ्ठावीस वर्षं तोच ठणठणाट. मालकानं कानात घालायला बोळे दिले होते. ते मला डब्याच्या पिशवीच्या तळाशी सापडले, नवेकोरे. पण कारागीर म्हणाल तर एक नंबर. पोचा पूर्ण निघाला की नाही, हे बघायला यांना डोळे लागत नाहीत. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतात आणि बरोबर एका जागी थांबतात. बघणाऱ्याला तिथं काही म्हणजे काही दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी हे बोलेनासे झाले. पंखा सतत फुल ठेवायचा, नळ वाहता ठेवायचा, खोलीत कुणी नसलं तरी टीव्ही चालू. एरवी मी नळ वाहता सोडला तर घर डोक्यावर घेणारा माणूस! लेकीच्या हातून चमचा पडला तर असे दचकायचे की ती रडायलाच लागली एकदा. वजन उतरलं, पँट कमरेवर राहीना. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली आणि मी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासलं. कागदावर एक रेघ काढून दाखवली, ती डोंगर उतरावा तशी खाली गेलेली. म्हणाले, आवाजानं आतल्या नसा झिजल्यात. शिट्टी बाहेरून येत नाही, ती आतच तयार होते. औषध नाही. सवय करून घ्या.

"सवय व्हायला किती दिवस लागतात?" यांनी विचारलं.

डॉक्टर पेन बंद करत म्हणाले, "काहींना होते."

बाहेर पायऱ्यांवर हे मटकन खाली बसले. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जात होती. "म्हणजे मरेपर्यंत," हे म्हणाले. मी म्हटलं, "काहीतरी अभद्र बोलू नका, उठा." डॉक्टरांना काय जातं 'काहींना' म्हणायला! त्यांच्या टेबलावरची कुंडी फोडावी, असं आलं होतं माझ्या मनात.

आमच्या चर्चच्या फळ्यावर लावलेली चिठ्ठी यांनीच वाचली. मौन प्रार्थना, दर मंगळवारी साडेपाच वाजता, मागची खोली, सर्वांचं स्वागत. रविवारच्या मिस्सेला मी ढकलल्याशिवाय न येणारा हा माणूस त्या चिठ्ठीपुढं उभाच राहिला. "मौन शिकवतात म्हणे," मला म्हणाले. यांच्या आवाजात चक्क आशा होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं, हे प्रार्थनेला निघालेले नाहीत, हे औषधाला निघालेत.

पहिल्या मंगळवारी मी सोबत गेले. माझा त्या प्रकारावर काही भरवसा नव्हता. खोलीत सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक मेणबत्ती, टिकटिक नको म्हणून सेल काढून ठेवलेलं भिंतीवरचं घड्याळ. शिकवणाऱ्या सिस्टर पंचाहत्तरीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, आणि दोन्ही कानांना मशीन! प्रार्थनेला बसायच्या आधी त्या दोन्ही मशीन काढून साबणाच्या डबीत ठेवत. मौन शिकवायला बहिरी बाई, म्हटलं वा, बरी निवड केली फादरनी.

हे पुढं होऊन म्हणाले, "सिस्टर, माझे कान वाजतात."

सिस्टर एकदम गंभीर झाल्या. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "कुणाचा आवाज येतो? काय म्हणतो?"

"कुणाचा नाही हो. शिट्टी वाजते."

"शिट्टी वाजवून बोलावतो?"

मी मध्ये पडले. "सिस्टर, कुकरसारखी शिट्टी. फक्त कुकरची थांबते, ही थांबत नाही." मग त्यांना समजलं. त्या हसल्या नाहीत. आमच्या सगळ्या ओळखीपाळखीत न हसलेलं ते पहिलं माणूस.

त्यांनी सांगितलेली रीत सोपी होती. पाठ सरळ ठेवून बसायचं. देवाकडे काही मागायचं नाही, त्याला काही सांगायचं नाही, त्याच्यासमोर नुसतं असायचं. एक छोटा शब्द निवडायचा आणि तो मनात हळूच म्हणायचा. मन भटकणार, शंभरदा भटकणार. कळलं की स्वतःला शिव्या न देता परत त्या शब्दाकडे यायचं. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. आणि एरवी कामात, बसची वाट बघताना, भांडी घासताना, तोच शब्द दोन क्षण धरायचा. "देवाला दार उघडून द्यायचं, एवढंच," त्या म्हणाल्या. "तो आला की नाही, ते उठून बघत बसायचं नाही."

सहा आठवडे हे बसले. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीत, डोळे मिटून, मुठी आवळून. उठले की तोंड कडू. "आज पण सुरूच झालं नाही," म्हणायचे.

"काय सुरू व्हायचंय?"

"मौन! शिट्टी थांबल्याशिवाय प्रार्थना सुरू कशी होणार?"

म्हणजे वीस मिनिटं हा माणूस दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखा बसत होता. आधी शांतता येईल, मग देव येईल. आणि डोळे मिटून सगळं लक्ष आत नेलं की ऐकू काय येणार? तीच ती शिट्टी. दिवसभरात कॉम्प्रेसरखाली थोडी दबायची, ती या वीस मिनिटांत मोकाट सुटायची. मी म्हटलं, सोडून द्या हे थेर, तुमचे हाल होतायत. यांनी ऐकलं नाही. बाकी सगळे उपाय संपले होते.

शब्दही जुळेना. 'शांती' म्हणून पाहिलं. शांती म्हटलं की नसलेल्या शांतीचीच आठवण, शिट्टी दुप्पट. मग 'येशू' म्हणून पाहिलं, तर त्यातला 'शू' नेमका शिट्टीत जाऊन मिसळायचा. "देवाचं नाव घेतो आणि तेच कानात वाजतं," म्हणाले आणि खुर्चीतच रडले. यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, यांची आई गेली तेव्हा. एका मंगळवारी तर सिस्टरवर ओरडले, "तुम्हाला काय, कानातलं काढलं की झालं मौन! आम्हाला कुठलं बटण आहे?" सिस्टर म्हणाल्या, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." हे तरातरा निघून आले आणि परत जायचं नाव काढीनात.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. हे कठड्यापाशी उभे होते. कामाची वेळ, अंगात गॅरेजचा डगला, चपला बाजूला काढून व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. त्या चपला मी बघितल्या. मी हाक मारली नाही. जवळ गेले, डगल्याची मागची बाजू दोन्ही हातांनी मुठीत धरली आणि खाली बसले, म्हणजे यांनाही बसावं लागलं. गच्ची तापलेली होती, तरी मी मूठ सोडली नाही.

"इथं वारा आहे," हे शेवटी म्हणाले. "वाऱ्यानं जरा दबते."

"खरं बोला."

"खरं तेच, जे तू समजलीस."

सोमवारी मी यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, मनाच्या. गोळ्या सुरू झाल्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडून मागून घेतली. मालकाला स्वतः जाऊन सांगितलं की यांना ठोकायचं काम नको, घासकामावर ठेवा, आणि तो 'बरं बघू' म्हणाला तेव्हा त्याच्या टेबलापुढून हलले नाही. लेकीला काय सांगावं समजेना, म्हणून तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि तेव्हापासून बाबा अंघोळीला गेले की ती बाथरूमबाहेर पुस्तक घेऊन बसायला लागली.

आणि मी सुरू केलं ते विचारणं. स्वयंपाकघरातून विचारायचं, "आहात ना?" हे गॅलरीतून म्हणायचे, "आहे." फोडणी टाकली, विचारलं. कणीक मळता मळता विचारलं. बाथरूमच्या दाराशी, जिन्यात, फोनवर गॅरेजात. "आहात ना?" "आहे." दिवसातून पन्नास वेळा, साठ वेळा. उत्तर यायला दोन सेकंद उशीर झाला की हातातलं टाकून मी धावायचे. प्रेमानं विचारत होते असं समजू नका. भीतीनं माझा नुसता भुगा झाला होता, आणि रागही होता, प्रचंड राग, की हा माणूस मला असा पहारा करायला लावतोय. रात्रीचा स्वयंपाक करताना कितीदा तरी मनात आलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. हे मी कुणाला बोलले नव्हते. आता बोलले.

असा महिना गेला असेल. एका मंगळवारी हे पाच वाजता शर्ट बदलायला लागले. "कुठं?" "सिस्टरकडे." मी चपला घालून मागोमाग निघाले, एकटं सोडायची सोय नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा सिस्टरनी मशीन काढून डबीत ठेवली होती. हे थेट त्यांच्यापुढं गेले.

"सिस्टर, शब्द सापडला."

"काय?"

"आहे!"

"काय आहे?"

"तेच! आहे!"

"अहो, काय आहे ते सांगाल का नाही?"

"आहे, आहे! आहे हाच शब्द!"

खुर्च्यांवरची माणसं हसायला लागली. सिस्टरनी डबीतून एक मशीन काढून कानात घातलं, पुन्हा ऐकलं, आणि यांच्याकडे बघत राहिल्या. "कुठून आणलात?" त्यांनी विचारलं. यांनी अंगठ्यानं मागं माझ्याकडे दाखवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना रस्त्यावरच मी तोंड सोडलं. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला, मी घसा कोरडा करून विचारतेय, आणि तुम्ही तिकडे बसून त्याची प्रार्थना करताय? मी म्हणजे काय तुमची घंटा आहे?

हे चालत राहिले. मग म्हणाले, "तू दर दोन मिनिटांनी विचारायचीस. मला दर दोन मिनिटांनी उत्तर द्यावं लागायचं. एकदा तू विचारायच्या आधीच मी म्हटलं. मनातल्या मनात."

"आणि कोण आहे? तुम्ही का देव?"

"ते त्यात येत नाही. मी आहे. शिट्टी आहे. तो आहे, असं कधी वाटतं, कधी अजिबात वाटत नाही. सगळ्यांना एकच शब्द चालतो." मग म्हणाले, "शिट्टी थांबायची वाट बघणं सोडलं मी. ती वाजली की म्हणायचं, आहे. परत वाजली की परत."

माझ्या डोक्यावरून गेलं. मला एवढंच समजलं की हे माझ्याशी सलग चार वाक्यं बोलले होते, कितीतरी महिन्यांनी.

घासकाम म्हणजे पुट्टी लावलेला पत्रा ओल्या पॉलिश पेपरनं घासत बसायचं. काम कंटाळवाणं, मालकानं उपकार केल्यासारखं दिलेलं. डबा द्यायच्या निमित्तानं मी बघायला जायचे. हे डोळे मिटून, ओला तळहात पत्र्यावरून फिरवत, ओठ किंचित हलतायत. पलीकडे नवा माणूस धाडधाड ठोकतोय आणि यांचा हात हळूहळू सरकतोय, थांबतोय, परत घासतोय. एक दिवस त्या नव्या माणसाला यांनी स्वतःच्या पिशवीतले बोळे काढून दिले. तो घालेना, तर त्याच्यावर असे खेकसले की बोलता सोय नाही. मला बरं वाटलं. खेकसणारा माणूस हा आमच्या घरातलाच, ओळखीचा होता.

पण बरे झाले, असं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन. वाईट दिवस येतच होते. एकदा सलग चार दिवस हे अंथरुणातून उठले नाहीत. गोळ्या दोनदा बदलल्या. कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, कागदावरची रेघ आणखी खाली गेलेली. सिस्टर घरी येऊन यांच्या उशाशी बसून गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मीच मेली दोन तास बडबडत होते.

परवाची गोष्ट. सकाळी हे गॅलरीत खुर्चीत बसलेले, लेक कॉलेजला गेलेली. मी स्टूल घेऊन यांच्यासमोर जाऊन बसले. प्रार्थनेला नव्हे, पहाऱ्यालाच. मोबाइलवर लावलेला वीस मिनिटांचा गजर वाजला, यांनी डोळे उघडले. मला काय झालं कोण जाणे, इतके महिने जे विचारायचं टाळलं होतं ते तोंडातून निघूनच गेलं.

"अजून मनात येतं का? तसलं?"

हे खोटं बोलले असते तर मला चाललं असतं. मला तर तेच हवं होतं.

"येतं," हे म्हणाले. "रोज येतं."

गोळ्या, सिस्टर, तो शब्द, माझं विचारणं, गच्चीची किल्ली, सगळं करून रोज येतं!

"रोज?"

"रोज. फक्त इथं बसलेला असतो तेव्हा येत नाही. ही वीस मिनिटं सोडून."

"का? शिट्टी थांबते?"

"छे. वाजतेच की. पण त्या वेळात मी कुठं जायला निघालेला नसतो." एवढं बोलून यांनी मोबाइल खिशात टाकला आणि कामावर जायला म्हणून उठायला लागले.

मी दोन्ही हात यांच्या खांद्यांवर ठेवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून यांना परत खुर्चीत बसवलं.

"बसा," मी म्हटलं. "मालकाला मी फोन करते. तुम्ही अजून वीस मिनिटं बसा."